तिवडा बदला

तुमच्या नळाला ज्या दिवशी पाणी येतं, त्या दिवशी गावात कुणाच्या नळाला येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे का? अंदाज नको. नाव सांगता येईल का?

मलाही सांगता येत नव्हतं, आणि मी तर स्वतःला अन्यायाविरुद्ध लिहिणारी समजत होते. जामखेडहून खर्ड्याकडे जाताना आत वळलं की आमचं गाव. वडील साखर कारखान्यात कामगार. युनियनची पत्रकं तेच लिहायचे. घरात पुस्तकं चार आणि पत्रकं पोतंभर. डब्यांखाली पत्रक, फळीवर पत्रक, शेंगदाण्यांना पत्रकाचा पुडा. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. वडिलांचा एक नियम होता : शत्रू एक, मागणी एक, तारीख एक. एवढं असलं की पत्रक उभं राहतं. या नियमात कुणाला खोट काढता येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. ती काढणारा माणूस आमच्याच पेठेत, खताच्या दुकानावरच्या खोलीत एकटा राहत होता.

त्यांना सगळे सर म्हणत. तालुक्याच्या कॉलेजात त्यांनी गणित शिकवलं, मलाही दोन वर्षं. त्याआधी ते पुण्याला कुठल्याशा संशोधनाच्या कामात होते. ते का सोडलं हे कधी सांगितलं नाही. निवृत्त झाल्यावर नगरला आपल्या माणसांत जातील असं कॉलेजातल्यांना वाटलं, तर ते आमच्या गावात आले. एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि पुस्तकांची खोकी. पेठेत पहिले काही महिने बोलवा होती की त्यांना सरकारनं पाठवलंय. कशासाठी ते कुणाला सांगता येईना, म्हणून ती बरीच टिकली.

सरांचा एक नेम होता. रोज एक गोष्ट बदलायची, फक्त एक. एक दिवस घड्याळ उजव्या मनगटावर. एक दिवस सकाळी भाकरी-कालवण आणि संध्याकाळी चहा-बिस्कीट. एक दिवस फिरायला नेहमीच्या वाटेनंच, पण उलटीकडून. एकदा आठवडाभर त्यांनी खाट रोज वेगळ्या भिंतीला लावली. खालचा खतवाला आवाजानं कावला आणि वर येऊन म्हणाला, "सर, उंदरं झालीत का काय?"

"नाही. काय हलत नाही ते बघतोय."

"खाट तर हालतीय की."

"म्हणूनच. बाकीचं बघता येतं."

खतवाला खाली आला आणि जो भेटेल त्याला सांगत सुटला की सरांना एकटेपणानं काहीतरी झालंय.

माळावरच्या वस्तीत छोटं चर्च आहे. सर दर रविवारी तिथं जायचे आणि दर रविवारी वेगळ्या बाकावर बसायचे. आता माळावर बाक म्हणजे घरासारखा. अमक्याचा बाक तमक्याच्या आजोबापासून चालत आलेला. सर एकदा एका कुटुंबाच्या बाकावर जाऊन बसले, तर त्या घरची पाच माणसं उपासना संपेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली. नंतर पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "सर, एक जागा धरली तर बरं नाही का?" सर म्हणाले, "साहेब, मी जागा बदलून पाहतोय की प्रार्थना तीच राहते का." पुढच्या रविवारपासून लोक सर आधी कुठं बसतात ते बघून मग बसू लागले. त्यामुळे सर जिथं बसतील तो बाक त्यांच्या एकट्याचा व्हायचा. त्यांनी ही गोष्ट मला हसत सांगितली. मीही हसले. आता ते हसू मला आठवू नये असं वाटतं.

वर्गातही ते असेच. पहिल्याच दिवशी एका वाटीत तुरीचे दाणे आणि हुलगे एकत्र करून घेऊन आले. खेळ असा : न बघता दोन दाणे उचलायचे. दोन्ही सारखे निघाले तर बाजूला टाकायचे आणि वाटीत एक नवा हुलगा घालायचा. एक तूर, एक हुलगा निघाला तर तूर परत वाटीत, हुलगा बाहेर. असं करत शेवटी एकच दाणा उरतो. तो कुठला असेल ते सरांनी आधीच कागदावर लिहून डस्टरखाली ठेवलं होतं. उचलले आम्ही, क्रम आमचा, हात आमचे. शेवटी तूर उरली. कागदावर "तूर" होतं. आम्ही पुन्हा केलं, मुद्दाम वेडेवाकडे उचलले. पुन्हा तूर.

गावात आल्यावर घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते हा खेळ दाखवायचे, आणि दोन महिन्यांत सर करणी करतात असं पेठेतल्या दोन बायका ठामपणे सांगायला लागल्या.

करणी काही नव्हती. सर सांगायचे, "नियम नीट बघा. तूर वाटीतून जाते तेव्हा जोडीनंच जाते. एकटी जात नाही. म्हणून मी सुरुवातीला तुरी विषम टाकतो. मग तुम्ही हजार प्रकारे उचला, एक उरणारच." आणि वाटीत बघत, "एकटी आलेली एकटीच राहते. मधे कितीही ढवळा."

तेव्हा आम्ही वहीत "विषम" शब्दाखाली रेघ मारली होती.

पुस्तकात याला निश्चल म्हणतात : बाकी सगळं बदलत असताना जे बदलत नाही ते. सरांना तो शब्द आवडायचा नाही. ते "तिवडा" म्हणायचे. आमच्या पिढीनं तिवडा पाहिलेला नाही. आता मळणी यंत्रावर होते. पूर्वी ज्वारीच्या खळ्यात मधोमध एक खांब रोवायचे आणि त्याला बैल जुंपून कणसांवरून गोल फिरवायचे, तो खांब म्हणजे तिवडा. सर खडूनं फळ्यावर ठिपका काढायचे, त्याभोवती वर्तुळ. "विजेचं जाळं घ्या, कारखाना घ्या, गाव घ्या. हजार गोष्टी हलतायत. त्या सगळ्यांच्या मागं पळालात तर दम निघेल, हाती काही लागणार नाही. तिवडा कुठंय ते शोधा. तो सापडला की सगळं न मोजताही सांगता येतं की हे कुठवर जाईल आणि कुठं कधीच जाणार नाही. आणि बदल हवा असेल तर बैलाला मारू नका. बैल काय करणार? तो दोरीएवढाच फिरणार. तिवडा उपटून दुसरीकडं रोवा."

नंतर गावात भेटले की कुठलीही तक्रार घेऊन गेलं तरी त्यांचा प्रश्न तोच : "ते ठीक. पण तिवडा कुठंय?"

मला ते "पत्रकबाई" म्हणायचे. माझी पत्रकं वाचायचे, लाल पेन्सिलीनं. एकदा म्हणाले, "पत्रकबाई, तुमच्या पत्रकात शत्रू पहिल्या ओळीत ठरतो. पुरावा तिसऱ्या परिच्छेदात येतो, तोही जागा उरली तर."

मी म्हणाले, "सर, लोकांना पेटवायचं असेल तर माणूस दाखवावा लागतो. खांबावर कोण चिडतं?"

"खरंय," ते म्हणाले. "खांबावर कुणी चिडत नाही. म्हणून तो टिकतो."

आता पाण्याचं सांगते.

गावाची टाकी पेठेमागच्या टेकाडावर आहे. उन्हाळ्यात विहीर सगळ्यांना पुरत नाही, म्हणून पाळी लागते. एक आठवडा गावठाण आणि पेठ, एक आठवडा खालची वस्ती आणि माळ. ज्यांचा आठवडा त्यांना रोज तासभर पाणी. कागदावर यापेक्षा सरळ काही नाही. पण माळाला पाणी यायचं नाही. आलं तर कळशीभर, तेही नळाला तोंड लावून ओढल्यासारखं. खालच्या वस्तीला यायचं, माळाला नाही.

यावर उपाय झाले नाहीत असं नाही. आधी खालची वस्ती मग माळ होतं, ते उलट केलं. सकाळचं पाणी दुपारी केलं. तासाचे दोन तास केले. पाइपवरचा वाल सोडणारा माणूस तीनदा बदलला. प्रत्येक उपायानंतर फोटो निघाले. माळाला पाणी आलं नाही. तिसरा वालवाला बबन मला रडवेला होऊन म्हणाला, "ताई, बायबलावर हात ठिऊन सांगतो, न्हाईतर मारुतीच्या पायावर. चाक हातात येईस्तवर फिरवतो. पानी फुडं सरकतच न्हाई."

सरांना हे कळलं ते एका रविवारी. उपासनेनंतर सुलोचनाबाईंनी त्यांना घरी चहाला नेलं. सुलोचनाबाई माळावर राहतात, अंगणवाडीत मदतनीस आहेत. गुडघे गेलेत, तरी हंडा घेऊन ओढ्यापलीकडच्या हातपंपावर दोन खेपा. त्या म्हणाल्या, "सलाम सर, बसा. चा अर्धा कपच मिळंल. आमची पाळी चालू हाय ना, म्हनून घरात पानी न्हाई."

सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पाळीतच नाही?"

"पाळीतच न्हाई. बाकीच्या टायमाला नसतंयच. पन पाळीला नसलं की जास्ती लागतं. आन आमच्या पाळीला लाइट बी रातीचीच असती बगा. नशीबच तसलं."

सरांनी कप खाली ठेवला. "दर वेळी रातीची?"

"दर वेळी. कवापासनं."

त्या दिवशी सर जेवायला घरी गेले नाहीत. बबनला घेऊन टाकीवर चढले.

विहीर ओढ्याकाठी शेतात आहे, मोटर शेतीच्या लाइनीवर. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. दिवसाची असली की बबन मोटरीपाशी बसतो. स्टार्टर पडला की उठवतो. रात्रीची असली की स्टार्टर पडतो आणि पडलेलाच राहतो, कारण उसात बिबट्या आहे आणि बबनला दोन लेकरं आहेत. म्हणजे रातीच्या आठवड्यात टाकी सकाळी निम्मी. पेठ, गावठाण, खालची वस्ती टाकीच्या खाली आहेत; निम्म्या टाकीतही त्यांना येतं, थोडं कमी. माळ टाकीच्या जवळपास तेवढाच उंच. निम्म्याच्या वर पाणी असेल तरच माळाकडं सरकतं.

लाइट आठवड्यानं बदलते. पाळी आठवड्यानं बदलते. दोन्ही सोबत बदलतात, म्हणून दोघींची जी जोडी एकदा जमली ती कधी मोडत नाही. माळाच्या वाट्याला रातीची लाइट एकदा आली ती आलीच. तास बदला, क्रम बदला, माणूस बदला, त्या जोडीला धक्का लागत नाही.

सरांनी पूर्ण उन्हाळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या. रातीच्या लाइटचे दिवस तांबडे, माळाच्या पाळीचे निळे. मला बोलावून दाखवलं. एकही निळी खूण तांबडीवाचून नव्हती. मी ते बघून तोंडावर हात ठेवला.

"तिवडा कुठंय?" सरांनी विचारलं. परीक्षेत विचारतात तसं.

मी पाहत राहिले. सगळे तांबडे आणि निळे पट्टे मंगळवारी सुरू होत होते.

"बाजार," मी म्हणाले.

"बाजारवार," ते म्हणाले. आमच्याकडं मंगळवारचा बाजार. पाळी बाजारादिवशी बदलायची ही गावची रीत, कारण त्या दिवशी सगळे गावात असतात, दवंडीचा खर्च नाही. लाइनमनही बाजारालाच येतो, लाइटीचं वेळापत्रक त्याच दिवशी पालटतं. दोन बैल एकाच खांबाला. त्या खांबाला कुणी हात लावला नाही, कारण तो पाण्याचा आहे असं कुणाला वाटलंच नाही.

उपाय अर्ध्या ओळीचा होता. पाळी आठवड्याची नको, पाच दिवसांची करा. लाइट सातनं फिरेल, पाणी पाचनं. दोघांची गाठ दर पाळीला सरकत राहील. सर म्हणाले, "सत्तर दिवसांत माळाची पाळी पस्तीस दिवस. त्यातले अठरा एका लाइटीचे, सतरा दुसरीचे. पेठेचंही तेच. तो एक जास्तीचा दिवस कुणाला ते चिठ्ठी टाकून ठरवा. नवा पाइप नको, निधी नको."

मी पेटले. पत्रक काढायचं ठरलं. सरांनी दोन अटी घातल्या. त्यांचं नाव घालायचं नाही, आकडे बोलतील. आणि कुणावर आरोप करायचा नाही. "कुणी केलेलं नाही हे. पेठेला सोयीचं पडलं म्हणून कुणी बघितलं नाही. या दोन गोष्टींत फरक आहे."

मी दोन्ही अटी मोडल्या.

नाव घातलं, कारण नुसत्या आकड्यांवर गाव विश्वास ठेवत नाही. सगळ्यात खाली, "निवृत्त प्राध्यापकांच्या मोजणीवरून" आणि पूर्ण नाव. आणि मधे ठळक अक्षरांत माझी एक ओळ : माळाचं पाणी कोणाच्या घशात? वडिलांचा नियम. शत्रू एक.

मथळा मात्र सरांचाच शब्द घेऊन केला होता : "तिवडा बदला." मला तो फार आवडला होता.

जामखेडच्या प्रेसमधून प्रूफ मोबाईलवर आलं. मी माझी ठळक ओळ पुरेशी ठळक आहे का ते पाहिलं आणि अंगठा पाठवला. हजार प्रती दुसऱ्या दिवशी एसटीनं आल्या, आणि बाजारात वाटूनही झाल्या, तेव्हा मला मथळा दिसला.

"निवडा बदला."

मी प्रेसला फोन केला. तिथला ऑपरेटर माझ्याच वयाचा. म्हणाला, "ताई, तुमची चूक दिसली, दुरुस्त केली. तिवडा असला काही शब्द नाही ना."

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली होती. निवडा, बदला, खाली सरांचं नाव आणि मधे पेठेवर आरोप. गावानं जे समजायचं ते समजलं. एका पॅनलला वाटलं सर दुसऱ्याचे आहेत. दुसऱ्याला वाटलं सर तिसरं पॅनल उभं करताहेत. एकानं तर "बदला निवडा" असं उलटं वाचलं आणि सर कसला सूड घ्यायला निघालेत म्हणून खतवाल्याला विचारत बसला.

ग्रामसभा मारुतीच्या सभामंडपात भरली. सर कॅलेंडर गुंडाळी करून काखेत घेऊन आले. ते उभे राहिले आणि मागून आवाज आला, "सर, पॅनल कुठलं?"

"पॅनल नाही. पाण्याचं बोलायचंय."

"चिन्ह काय मिळालं पन? तूर का हुलगा?"

सभामंडप हसला. सरही हसले, कारण विनोद चांगला होता. मग त्यांनी कॅलेंडर उलगडून खांबाला धरलं आणि सगळं सांगितलं, मला सांगितलं तसंच, न चिडता. लोक ऐकत होते असं मला अजूनही वाटतं. पण शेवटी पेठेतले एक किराणावाले उठले. सर त्यांच्याकडूनच तूर घ्यायचे.

"सर, तुमी राहता पेठंत. पानी पिता पेठंचं. आन म्हनता ते माळानं प्यावं. आन वर छापता, कोणाच्या घशात. घ्या, हा घसा." त्यांनी मान वर करून दाखवली.

"ती ओळ माझी नाही," असं सर म्हणू शकले असते. मी तिथंच होते, दहा हातांवर. ते म्हणाले, "घशात कुणाच्याच नाही. मी फक्त सत्तर दिवसांतले निम्मे वाईट दिवस पेठेला मागतोय. माझ्या नळालाही. आपल्याला त्या दिवसांत पाणी थोडं कमी येईल. त्यांना आत्ता येतच नाही."

मागून सुलोचनाबाई म्हणाल्या, "तिवडा म्हनायचं हुतं का वो सर तुमाला? त्या कागदात?"

"हो."

"आमच्या बापाच्या खळ्यात बाभळीचा हुता. मंग बराबर हाय. बैल बदलून काय हुतंय."

त्यांच्याकडं कुणी वळून पाहिलं नाही. सरपंचांनी ठराव टाकला, नाइलाजानं. पाच दिवसांच्या पाळीला अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत. माळाचे सगळे हात वर गेले. खालच्या वस्तीतून एकही नाही. त्यांना पाणी येतं, त्यांनी पेठेशी का वाकडं घ्यावं. गावठाणातून नाही. ग्रामसेवक मोजत मोजत पेठेपाशी आले आणि म्हणाले, "पेठ, एक."

तो हात सरांचा होता. बाही कोपरापर्यंत घसरलेली, घड्याळ त्या दिवशी उजव्या मनगटावर.

मीही पेठेतच राहते. माझाही हात वर होता. पण त्यात मोबाईल होता. मी अन्यायाचा व्हिडिओ काढत होते. ग्रामसेवकांनी तो हात मोजला नाही, आणि बरोबर केलं.

ठराव पडला.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला त्यांच्या खोलीवर गेले. ते भाकरी थापत होते. मी सगळं भडाभडा बोलले : प्रूफ, नाव, ती ठळक ओळ. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली.

"एका अक्षरानं सगळा अर्थ बदलला," ते म्हणाले. "ती चूक छपाईची आहे. ती मी धरत नाही." भाकरी फुगली, ती काढून त्यांनी ताटात ठेवली. "नाव नको म्हणालो होतो. बसा, मॅडम."

त्या दिवसापासून मी पत्रकबाई राहिले नाही.

त्यानंतर पेठेत कुणी त्यांना त्रास दिला असं नाही. तेही झालं असतं तर मला लिहायला सोपं गेलं असतं. खतवाला नमस्कार करायचा, किराणावाला तूर द्यायचा. फक्त वर कुणी चढेना. वाटीचा खेळ बघायला कुणी येईना. मी जायचे, पण मॅडम म्हणवून घेऊन किती बसणार. एकदा गेले तेव्हा त्यांनी खाट दाराशी ओढली होती आणि तिच्यावर बसून जिन्याकडं बघत होते. म्हणाले, "सगळं एकेक करून बदलून पाहिलं. खोली, वेळ, वाट, बाक. ताट मात्र एकच लागतं. ते काही हललं नाही." आणि लगेच, जणू कुणी तिसराच बोलला होता, "चहा घेणार, मॅडम?"

निवडणूक झाली. दुसरं पॅनल आलं. त्यांनी वालवाला बदलला.

पुढच्या थंडीत सरांचा पुतण्या येऊन त्यांना श्रीरामपूरला घेऊन गेला. एसटी स्टँडवर मी होते आणि सुलोचनाबाई होत्या. त्या माळावरून चालत आल्या होत्या, गुडघ्यांसकट. पदराखालून त्यांनी पाण्याची बाटली काढली. "बसमधी लागंल."

सरांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. "ही मोजणीत धरायची नाही," ते म्हणाले.

"न्हाई न्हाई," सुलोचनाबाई म्हणाल्या. "ही हिशोबाभायेरची."

सुरुवातीला त्यांचा फोन यायचा. "मॅडम, सलाम. माळाचं काय?" मी सांगायचे, तसंच आहे. ते म्हणायचे, "हं." मग फोन येईनासा झाला. या उन्हाळ्यात मीच केला, तो पुतण्यानं उचलला. काकांना आता ऐकू येत नाही, म्हणाला, माणसंही नीट ओळखत नाहीत. दिवसभर भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेतात आणि तांबड्या-निळ्या पेन्सिलीनं खुणा करत बसतात. "कसल्या खुणा ते काही कळत नाही, ताई," तो म्हणाला. "आमच्याकडं तर पाणी रोज येतं."

मी त्याला समजावून सांगू लागले. त्याला कामावर जायचं होतं.

माळाची पाळी अजून आठवड्याची आहे, आणि मंगळवारीच बदलते. मी दर ग्रामसभेत पाच दिवसांचा ठराव मांडते. माळ हात वर करतो, मी हात वर करते, ग्रामसेवक म्हणतात, "पेठ, एक." आकडा सर असताना होता तोच आहे. मी शत्रू शोधायचं सोडलेलं नाही. गरज पडली तर अजूनही नाव घेऊन लिहिते. पण या एका गोष्टीत मला शत्रू सापडत नाही. सापडतात ते आपण : ज्यांच्या नळाला येतं ते. माळाचे हात कधीच कमी पडले नव्हते. कमी पडले ते आपले.

म्हणून हे वाचणारे तुम्ही तुमच्या गावाच्या, तुमच्या कॉलनीच्या पेठेत राहत असाल, तर एक करा. पुढच्या ग्रामसभेला, सोसायटीच्या सभेला जा. शेवटच्या नळाच्या माणसांनी मागणी करायची वाट बघू नका. ती त्यांनी कधीच केलेली आहे. तुम्ही उठा आणि वाईट दिवसांतला आपला वाटा स्वतःहून मागा. ठराव मताला आला की मोबाईल खिशात ठेवा आणि रिकामा हात वर करा. मोजणारा तुमच्यापर्यंत येईपर्यंत तो खाली घेऊ नका.